थँकफुलचा फेब्रुवारी, माइंडवेलचा जानेवारी

नॉर्थ ब्रुकसेट
२ ऑक्टोबर १९५८

प्रिय डीली,

आधी आली ती बाई. नवरा मोटारीतच नकाशा तोंडावर घेऊन घोरत होता, आणि ही मागच्या दाराने थेट माझ्या स्वयंपाकघरात! मला वाटलं, अंडी न्यायला आली असेल. विचारलं, किती डझन देऊ? तर म्हणते कशी, अंडी नकोत हो आजी, मला थँकफुल हवी आहे. माझ्या हातातलं लाटणंच थांबलं. अगं, या घरात ते नाव कुणी चांगल्या तोंडाने शेवटचं कधी उच्चारलं होतं तेच मला आठवेना, आणि ही परकी बाई अडीचशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या बाईला, शेजारणीला हाक मारावी तसं विचारतेय. बाईचं नाव वेल्मा टॅल्कट, पार आयोवाहून आलेली, शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. थँकफुलच्या धाकट्या मुलीकडून तिचा वंश येतो म्हणे. म्हणजे ती आपली लांबची लांबची का होईना, नातलगच. मी आधी तिला ॲपल पाय वाढला. नातं असो नसो, एवढा लांबचा प्रवास करून आलेल्याला रिकाम्या पोटी थँकफुलची गोष्ट सांगायची म्हणजे फारच झालं.

ती गोष्ट तुला मी वेगळी सांगायला नको. ऑगस्टावन्संनी जूनमध्ये घराण्यातली लग्नं नि जन्म लिहून ठेवलेलं बायबलचं ते पहिलं पान तुझ्यापुढे उघडून आपटलं होतं, तेव्हा तू ते वाचलंसच. थँकफुलचं लग्न मे १७०९, तिचा जोसेफ जन्मला फेब्रुवारी १७०९. लग्नाच्या तीन महिने आधी! या घराला एक थँकफुल पुरे झाली, असं वन्सं म्हणाल्या, आणि चौथ्या दिवशी तू हार्टफर्डच्या त्या संस्थेत. बाळ झालं की तू सही करायची आणि बाळ कुणा परक्यांनी न्यायचं, असं तिथल्या बाईंनी आम्हाला कळवलंय. पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. रोज पीठ काढताना हाताला लागतं.

तर पाहुणे. वन्संना कळलं मात्र, जिन्यावरून उतरल्या त्या चांगला झगा घालून, गळ्याशी पिन लावून. त्यांचं पूर्ण नाव ऑगस्टा माइंडवेल, हे त्यांनी आयोवाकरांना दोनदा सांगितलं. मग सुरू झालं नेहमीचं कीर्तन, की थँकफुलने घराण्याला काळं फासलं आणि तिच्या सुनेने, जोसेफच्या माइंडवेलने, ते धुऊन काढलं. लग्न जानेवारी १७३१, पहिला मुलगा ऑक्टोबर १७३१. बोटं मोजा, म्हणाल्या, नऊ महिने भरतात! म्हणून तर आमच्यात तीन माइंडवेल झाल्या आणि थँकफुल एकच. वेल्माबाई नुसत्या मान हलवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, बायबलातलं पान तर नंतर कुणीतरी उतरवून काढलेलं असतं, मूळ वही बघता येईल का?

मूळ वह्या आल्डन प्रुइटकडे. गावचं दप्तर सांभाळतो ना तो, तर सगळं त्याच्या बैठकीच्या खोलीत, मुरंब्याच्या बरण्यांच्या मागे. तुझे आजोबा गाडी काढायला नको म्हणत होते, बटाटे काढायचे राहिलेत म्हणे. पण वन्सं पुढे बसल्यासुद्धा, मग काय करतात? मीही गेले. का गेले ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आल्डनने हात धुतले, बरण्या सरकवल्या, वही काढली. अक्षर इतकं तांबूस की चहा सांडून लिहिल्यासारखं. मला तर एक अक्षर लागलं नाही, चौथीपर्यंतचं माझं शिक्षण. पण वेल्माबाई भराभर वाचू लागल्या. थँकफुलच्या तारखा अगदी त्याच निघाल्या. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही थँकफुलला मीच जन्म दिला होता.

आणि वेल्माबाई, डीली, हसायला लागल्या! नवऱ्याला म्हणाल्या, ऑरिन, अरे, हे वर्ष जुन्या चालीचं आहे. मग अंड्यांच्या पुड्याचा कागद घेऊन मला मांडून दाखवलं. तेव्हा आपल्यावर इंग्लंडचं राज्य, आणि त्यांचं नवं वर्ष जानेवारीत लागायचंच नाही. ते लागायचं पंचवीस मार्चला. म्हणजे १७०९ साल मार्चात उजाडलं, त्यात मे आला, उन्हाळा आला, डिसेंबर झाला, आणि तरी साल १७०९च. जानेवारी आणि फेब्रुवारी त्याच सालाचं शेपूट. म्हणजे थँकफुलचा फेब्रुवारी तिच्या मेच्या आधीचा नव्हे, नंतरचा! मेमध्ये लग्न, फेब्रुवारीत बाळ, कुणी बोट दाखवायला जागा नाही. एवढी वर्षं त्या बाईला आपण उगीच नावं ठेवली, फक्त दिनदर्शिका उलटी धरली म्हणून. आल्डन म्हणाला, आता कबरीवर जाऊन माफी मागा. वन्सं म्हणाल्या, चला, म्हणजे घराणं दोन्हीकडून स्वच्छ निघालं.

मी आपली बोटांवर मोजत बसले होते. कोंबडी अंड्यावर कधी बसवली, पिल्लं कधी निघतील, एवढंच मी आयुष्यभर मोजलंय, पण तेवढं मला पक्कं येतं. फेब्रुवारी सालाच्या शेवटी गेला. बरं. मग मी विचारलं, अहो बाई, मग जानेवारीसुद्धा शेवटीच ना?

वेल्माबाईंची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली. ऑरिनच आधी पुटपुटला, म्हणजे माइंडवेलचं मूल ऑक्टोबरात, आणि लग्न त्यानंतरच्या जानेवारीत... वन्सं ताडकन उभ्या राहिल्या. छे छे, म्हणाल्या, या प्रुइट लोकांना सात पिढ्यांत तारीख लिहिता आली नाही, चर्चची वही आणा! आल्डन म्हणाला, ऑगस्टा, राहू दे की. नाही म्हणजे नाही. तूच चल, म्हणाल्या. मग काय, आम्ही सगळी वरात चर्चमध्ये. पाद्रीसाहेब शर्टाच्या बाह्या वर करून पायऱ्या रंगवत होते, ते ब्रश हातात घेऊनच वही शोधायला लागले.

सापडलं, पोरी. माझ्यासाठी वेल्माबाईंनी दोनदा वाचलं. जोसेफ आणि माइंडवेल दोघं भर सभेत उभे राहिले, आमची चूक झाली म्हणाले, आणि सभेने त्यांना परत आपल्यात घेतलं. त्याच दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला. आणि खाली त्या वेळच्या पाद्र्याने एक ओळ लिहून ठेवलीय, की मुलीला तिच्या बापाने दाराबाहेर काढल्यावर ती जोसेफच्या आईच्या घरी बाळंत झाली. जोसेफची आई म्हणजे कोण? थँकफुल! लग्न व्हायच्या आधी, लोक काय म्हणतील ते म्हणू देत, तिने पोरीला घरात घेतलं होतं. ते बाळ म्हणजे तुझ्या आजोबांच्या आजोबांचे आजोबा की आणखी एक आजोबा, मी विसरले, वेल्माबाईंनी कागदावर लिहून दिलंय. ते परक्यांनी नेलं असतं तर आज हे घर नाही, हे घराण्याचं नाक नाही, वन्संचा तोरा नाही, आणि तूही नाहीस.

आम्ही घरी परतलो. आजोबांनी गाडी अंगणात उभी केली, पण उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले, आणि मग समोर बघतच म्हणाले, लोव्हिना, मग आपली पोर तिकडे काय करतेय? चार महिन्यांत त्या माणसाने तुझा विषय काढला नव्हता. मला वाटायचं, रागाने. राग नव्हता गं. कुणीतरी आधी बोलायची वाट बघत होते, आणि मीही तेच करत होते. वन्सं तीन दिवस खोलीतून जेवणापुरत्या येतात. या घरात दर शनिवारी शिजते त्या घेवड्याच्या हंडीलाही हात लावायच्या नाहीत, असं वाटतंय. पण काल ताट उचलताना म्हणाल्या, वरच्या खोलीचं धुराडं साफ करून घ्यायला हवं, थंडी पडायच्या आत. आता वरच्या खोलीत कोण राहतं, तूच सांग.

एवढं लांबण लावलं, ते वंशावळीसाठी नाही. त्या दिवशी वन्सं तुला बोलत होत्या तेव्हा मी तिथेच होते. ॲपल पायच्या कडा दुमडत होते. सगळ्या कडा दुमडून झाल्या, तरी पुन्हा पहिल्यापासून दुमडत राहिले, म्हणजे तोंड उघडायला नको. दार मी लावलं नाही, पण उघडंही धरलं नाही. थँकफुलने धरलं, तिच्या पदरी तर शाळेतला एक वर्गही नसेल. सही करू नकोस, डीली. केली असशील, तर ती मोडायला काय करावं लागतं ते आल्डनला विचारलंय, तो वकिलाला लिहितोय. मंगळवारी आम्ही दोघं हार्टफर्डला येतोय. नको म्हणालीस, तर बाहेर गाडीत बसून राहू, आजोबांना आता सवय झालीय. बाळ तुझं, निर्णय तुझा. खोली मात्र तुम्हा दोघांची आहे. टॅल्कट मंडळी आता बोस्टनला वह्या बघायला गेलीत. परतताना इथे थांबून घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचाय, किती जण असाल ते आधी कळवा म्हणजे खुर्च्या मांडता येतील, असं वेल्माबाई म्हणत होत्या. मी सांगितलं, अजून ठरायचंय. शनिवारी येणार आहेत, अठरा ऑक्टोबरला.

त्या दिवशी गप्प राहिलेली, पण तुझीच,
आजी लोव्हिना