मॉरीनचा पंप

वॉटरफोर्ड, जून २०२१. मंगळवार, संध्याकाळ.

काय करून बसले मी आज? शेजारच्या मॉरीनने कुंपणापलीकडून साधंच विचारलं होतं, "तू पाण्यातली इंजिनिअर ना? माझ्या बोअरचा पंप फार कुरकुरतोय. नवा बसवू का?" आणि मी पटकन म्हणून गेले, "हिवाळ्यापर्यंत थांब."

का थांब, ते सांगायची सोय नाही. टेकडीखालचं भूजल पुढची कित्येक वर्षं शहराला मिळावं म्हणून शहराचा पाणी कंपनीशी करार होतोय. उपसा सुरू झाल्यावर कुणाकुणाच्या बोअर कोरड्या पडतील, तो नकाशा मीच केलाय. मॉरीनचं घर त्यात अगदी मधोमध. हिवाळ्यात ते जाहीर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं सही करून दिलंय. भरपाई म्हणून तिला नळ मिळेल. कागदावर सगळं ग्रँड. आणि शहरालाही तहान आहेच की, चूक म्हणू तरी कुणाला?

पण तो नळ म्हणजे आमच्याकडे आहे तोच. त्या पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणून आई, विमानं बंद झाल्यापासून इथेच अडकलेली, देवासाठी रोज मॉरीनकडून एक कॅन भरून आणते.

माझं उत्तर ऐकून मॉरीनने एकदा पंपाकडे पाहिलं आणि ती आत गेली. कळलं असेल का तिला?

आत्ता आई आली, ती दोन कॅन घेऊन. "अगं, आज तिनं आपणहून दुसराही भरून दिला. म्हणाली, आहे तोवर घेऊन जा."