सगळ्यात उंच कोण

१८ नोव्हेंबर
पाचवीला इंग्रजी. 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट'. पुस्तकातल्या जिराफाचा कंटाळा आला, म्हणून पोरांनाच ओळीत उभं केलं. शेवटी सुवर्णा. सगळा वर्ग ओरडला, "सुवर्णा इज द टॉलेस्ट!" पोरगी लाजली, पण ताठ उभी राहिली. कधी नव्हे ते सगळ्यांना एका झटक्यात कळलं. स्वतःवर खूश. मावळतीला घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

२० नोव्हें.
सुवर्णा कालही नाही, आजही नाही. ताप. दुपारी तिची आई वर्गाच्या दारात. "बाई, भरल्या वर्गात तिले सगळ्यात उंच काऊन म्हनलं? नजर लागली ना पोरीले! आता नाही धाडत मी." दवाखान्यात नेलं का, विचारलं. नेलं म्हणे. "पन गोळीनं नजर उतरते का?"
हेडमास्तर म्हणाले, जाऊ द्या मॅडम, येईल चार दिवसांनी. नाही यायची. तिची मोठी बहीण अशीच चार दिवस घरी राहिली आणि कापूस वेचायलाच लागली. हिचं तसं होऊ देणार नाही.

२१ नोव्हें.
शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी. ताप उतरलाय. तरी आईचं एकच, ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती पाहिजे. मीठ-मिरच्यांसोबत पोरीवरून ओवाळून चुलीत टाकायची. "तुमच्या पायाची द्या, मंग धाडीन."
म्हणजे नजर माझीच, हे मी कबूल करायचं! बी.एड. होऊन! संताप झाला. तशीच निघाले. सुवर्णा दारात, हातात इंग्रजीचं पुस्तक.

२२ नोव्हें.
दिली माती. चपला काढून अंगणात उभी राहिले, म्हटलं, घ्या. पण उद्या ती वर्गात पाहिजे.
चुलीत मिरच्या जळाल्या, ठसका कुणालाच आला नाही. आई शेजारणींना म्हणाली, "पाहा, किती कडक नजर होती." मी चपला घातल्या. कामाशी काम.

२३ नोव्हें.
सुवर्णा आली! गालावर काजळाचा मोठा टिक्का. इतका आनंद झाला की...
कविता आणि पूजा मात्र नाहीत. मधल्या सुट्टीत कळलं, त्यांच्या आया म्हणतात, बाईची नजर लई कडक.
उद्या दोघींच्या घरी. दारातून परत लावलं तर परवा पुन्हा. 'टॉलेस्ट'चा धडा अर्धाच राहिलाय, तोही संपवणार. या वेळी ओळ शिक्षकांची, 'शॉर्टेस्ट'ला मीच उभी राहीन, शाळेत माझ्याइतकं बुटकं मोठं माणूस नाही.
सुवर्णाने आज दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मी फळ्याकडे बघूनच "हं, सांग" म्हणाले.