पडीक

दि. ११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. मोठी आहे म्हणून द्यावे लागतात, म्हणून दिले.

इकडे सगळं ठीक. गुडघ्याचे टाके निघाले, काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते. भुरी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या बायकोचा फोन येऊन गेला. ती बिचारी गोड बोलते, तिच्यावर माझा राग नाही.

तुझा निरोप तिनंच सांगितला. बुधवारी नांगरटीची परवानगी देणारे साहेब माळ बघायला येणार, तेव्हा "ताईनं नुसती रोपं दाखवायची, बाकी तोंड उघडायचं नाही." वा रे शहाण्या! बाबांनी माळ दोघांच्या नावावर ठेवला आणि तोंड एकालाच दिलं, हे मला माहीत नव्हतं.

रोपांचं सांगते, जरा दम धर.

ओढ्याकडचा अर्धा माळ तू कुणाला न विचारता नांगरलास आणि सोयाबीन पेरलंस. मी रडले, पण गप्प बसले. तुला पोरं आहेत, त्यांची शिक्षणं आहेत, एवढं मलाही कळतं. तू म्हणालास, "उरलेला अर्धा राखू ना, ताई. समतोल साधायचा!" मी मान डोलावली. आणि मी दवाखान्यात पाय वर टांगून पडलेली असताना तू त्याच अर्ध्यात खड्डे खणलेस, झाडं लावलीस, वर पाटी ठोकलीस: 'पडीक जमिनीवर हिरवाई'. म्हणजे साहेबांनी हिरवाई बघायची आणि ओढ्याकडच्या नांगरटीला माफी द्यायची.

पडीक? कुणी टाकून दिला होता रे तो माळ? बाबांच्या गाई त्या गवतावर चरल्या, त्यांच्या दुधावर तू शिकलास, आणि शिकून हा शब्द लिहिलास! टिटवी तिथे उघड्यावर अंडी घालते, कारण आसपास कावळ्याला टेहळायला फांदी नसते. तू त्याला रांगेनं फांद्या लावून दिल्यास. झाडं वाढली की सावलीत ते गवत मरणार. तू नांगरलंस ते निदान उघडउघड होतं. हे मात्र तू राखतो म्हणत मारायला निघालास, त्याची मला जास्त चीड आहे.

तर रोपं. ती आता तिथे नाहीत. परवा मी आणि गवळ्याच्या बायकोनं मुळासकट, मातीसकट काढली आणि शाळेच्या बाईंना आवारात लावायला दिली. झाडांशी माझं वैर नाही. पाटी चुलीत गेली.

बुधवारी साहेबांना मी गवत दाखवणार, आणि ओढ्याकडेही नेणार. ते काय ठरवतील ते ठरवतील. तुझं उभं पीक जाईल कदाचित. ते मला ठाऊक आहे आणि ठाऊक असूनच केलं, उगाच म्हातारपणाचा झटका म्हणून घरात सांगू नकोस.

यानंतर तू या दारात येणार नाहीस, याची मला भीती वाटते. फार वाटते. पण रोपं परत लावणार नाही.

आलासच तर भांडायला ये, आणि दारातून ओरडू नकोस, आत येऊन बस.

तुझी, यापुढे तुला वाटलं तर ताई,
नाहीतर नुसती वाटेकरीण