दक्षिणेचं दार

माय, टीव्ही सेंटरकडचं घर मी विकलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुझी चिडचिड एकदाची होऊन जाईल. "बांधताना जीव काढला आन् इकताना काईच वाटलं नाय व्हय गं?" असं तू म्हणणार, ठाऊक आहे मला. वाटलं ना. पण हे गेल्यापासून वरच्या मजल्यावर मी फक्त धूळ झटकायला जात होते. गुडघे धरून जिना चढायचा, झाडायचं, उतरायचं. माझ्याच घरात मी मोलकरणीसारखी राबत होते. पुण्याहून पोरगा म्हणाला, "आई, विक आणि इकडं ये." विकलं, पण तिकडं जायचं नाही हे मनात पक्कं होतं. सून चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तरी तिच्या घरात चहा टाकायचा म्हटला तरी मी विचारते, ती "विचारता काय आई" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारते. मला या गावात माझ्या नावाचं दार पाहिजे होतं, लहान का असेना.

पण लहान घरालाच एवढी मारामारी असेल असं वाटलं नव्हतं. आमच्यासारखी म्हातारी माणसं लहान घर शोधतात, नवी जोडपी तेच शोधतात, आणि भाड्यानं द्यायला घेणारेही तेच. सकाळी बघितलेला फ्लॅट संध्याकाळी गेलेला असतो. एजंट म्हणायचा, "म्याडम, तुमच्या मागं दोन पार्ट्या उभ्या हायेत." मला वाटायचं, थापा मारतोय मेला. जन्मभर नर्सची नोकरी केली, माणसं ओळखता येतात अशी घमेंड. मी म्हणायची, उद्या सांगते. असे दोन चांगले फ्लॅट हातचे गेले. इकडं घर खाली करून द्यायची तारीख जवळ येत चाललेली, आणि पोरगा रोज फोनवर विचारतोय, "मग, सामान पुण्याला पाठवायचं का?"

तिसरा फ्लॅट पडेगावला. एक खोली, हॉल, ओटा नीट उंचीचा, लिफ्ट आहे, पाण्याची बोअर आहे, आणि मागच्या खिडकीतून लांबवर डोंगर दिसतो. मी पाहायला गेले तेव्हा एक तरुण जोडपं आधीच आत होतं. बायको ओट्यावरून हात फिरवत होती, जणू घर तिचंच झालं. मी म्हटलं, गेला हाही. तेवढ्यात नवऱ्यानं मोबाइल काढला, दारात उभा राहून इकडं वळव तिकडं वळव केलं आणि तिला म्हणाला, "चल गं, दक्षिण आहे." ती बिचारी ओट्याकडं बघत बघत निघून गेली. एजंट माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुम्हाला सांगून देतो म्याडम, दार दक्षिणेला हाय. म्हणून तर शिल्लक राहिला."

तेव्हा तू आठवलीस. औरंगपुऱ्याच्या मंडईत शनिवारी तुझ्याकडं भाजीपेक्षा लिंबू-मिरचीलाच गिऱ्हाईक जास्त असायचं. सगळे दुकानदार दारावर टांगायला न्यायचे. शुक्रवारी मी शाळेतून आले की तू हातात सुई-दोरा द्यायचीस. आपल्या घरात दीक्षा घेतल्यापासून देव नाही, अंगारा नाही, नजर उतरवणं नाही, आणि मी बसलेय आख्ख्या बाजाराच्या नजरेसाठी मिरच्या ओवत! एकदा वैतागून म्हटलं, "आपण मानत नाही तर विकतो कशाला?" तू मान वर न करता म्हणालीस, "भेव त्यांचं, भाकर आपली. ओव गुमान." उरलेल्या माळा तू रविवारी सोडवायचीस. लिंबू वरणात, मिरच्या ठेच्यात. त्याच भाकरीवर मी नर्स झाले.

म्हणजे खरं तर तिथंच हो म्हणायला पाहिजे होतं. मी पोराला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मी असलं काही मानत नाही, तुला माहितीये. पण पुढं विकायला काढलं तर घेईल कोण?" आणि माय, माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, उद्या सांगते. स्वतःचाच राग येत होता, तरी लिफ्टमधून खाली आले. गेटवर भाजीचा गाडा उभा होता. एक बाई वांगी चिवडून चिवडून म्हणाली, "फिरून येते." गाड्यावरचा वांगी पुन्हा रचायला लागला, आणि मला तुझाच आवाज आला. अशी बाई पाठमोरी झाली की तू म्हणायचीस, "ये फिरून, कवळी वांगी तुझ्यासाठी निजवून ठिवते." मला तिथंच हसू फुटलं. वळले तर लिफ्टपाशी आणखी एक कुटुंब, दुसऱ्या एजंटसोबत. गुडघ्यांचा विचार न करता त्यांच्या आधी आत शिरले. वर गेले आणि इसार देऊन टाकला. माझ्या एकटीच्या नावावर.

राहायला येऊन आठवडा होतोय. आल्या दिवशी सकाळी बुद्धवंदना केली, खीर केली, मजल्यावर वाटली. समोरच्या काकू फार मायाळू आहेत. त्यांना माझी काळजी वाटली असावी, एकटी बाई आणि दक्षिणेचं दार. शनिवारी मी दूध आणायला गेले होते, येऊन बघते तर माझ्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली. त्यांना काय बोलणार? आज ती काढली. दोरा सोडवला, लिंबू वरणात पिळलं, मिरच्यांचा ठेचा केला. तुझ्या हातची चव नाही आली, पण जेवले पोटभर, आणि जेवताना रडलेही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, ओट्याच्या खणात राहील. फक्त एक सांगायचं राहिलं, ओरडू नकोस. ती माळ मी शनिवारीच काढली नाही. आज मंगळवार आहे, माय. तोवर तशीच लटकू दिली.