एलामच्या विटा आणि तुमची थांबण्याची जागा

अण्णा, टेप रेकॉर्डरला तुम्ही केलेली मनाई अजून चालू आहे का, एवढेच मला विचारायचे आहे. पाठ मुद्रित करायला आणलेले जे यंत्र तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवले होते, ते आता जुन्या बाजारातही मिळत नाही. पण मनाई करणारा गेला की मनाई संपते, असे कुठल्या शास्त्रात माझ्या वाचनात आलेले नाही. तुमचा यजुर्वेदाचा पाठ, त्यातही अग्निचयनाचा, वेदीच्या विटा रचताना म्हणायच्या मंत्रांचा भाग, तुमच्या धाटणीने म्हणणारी आता मी, तुमची मुलगी, एकटीच उरले आहे. मी तो कोणाला शिकवलेला नाही. माझ्याबरोबर तो जाईल. तो ध्वनिमुद्रित करून ठेवावा, असे एका मुलीने सुचवले आहे. ती मुलगी कोण आणि हा विषय निघाला कसा, हे सांगायचे तर आधी तुम्हाला एलाम नावाच्या देशात न्यावे लागेल, आणि त्याची वाट हिंजवडीवरून जाते.

हिंजवडी तुम्हाला आठवत असेल ती भाताच्या खाचरांची. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि तुमची नातसून त्यांतल्याच एका संगणक कंपनीत काम करते. मी शाळेतून निवृत्त होऊन कर्वेनगरच्या घरात पोथ्या आणि देवपूजा यांत रमलेली. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, रोमन अक्षरांवर टिंबं-रेघा देऊन संस्कृत लिहितात, ते तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं. का गं?”

“आमच्याकडे एक काम आलंय, त्यात तसलीच अक्षरं आहेत. म्हणजे, संस्कृत नाहीये ते.”

“मग काय आहे?”

“तेच तर ऑफिसात कुणाला कळत नाहीये.”

परदेशातल्या एका विद्यापीठाला मातीच्या जुन्या पाट्यांवरचा मजकूर संगणकात भरून हवा होता. पाट्यांवरची पाचरीसारखी चिन्हे तिथल्या पंडितांनी रोमन अक्षरांत उतरवली होती; ती अक्षरे इथे टंकित करायची आणि मुळाशी ताडून पाहायची. गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी ओळखपत्र अडकवून मी कंपनीच्या बसची वाट पाहू लागले, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारले, “या वयात नोकरी? पेन्शन बंद झालं की काय?” मी म्हटले, “नाही हो, घरी बसलं की चौकशा फार होतात.”

एलाम म्हणजे आजच्या इराणचा नैर्ऋत्येकडचा भाग, काही डोंगरातला, काही सखल. तिथल्या लोकांनी हजारो वर्षे नगरे वसवली, देवळे बांधली, शेजाऱ्यांशी युद्धे केली, जिंकली आणि हरली. त्यांच्या भाषेला जगात सख्खे कोणी नाही. काही पंडित तिचे नाते आपल्या दक्षिणेकडच्या भाषांशी जोडू पाहतात, इतरांना ते मान्य नाही; तुम्ही असतात तर दोन्ही बाजू ऐकून “पुढे वाचा” म्हणाला असतात, म्हणून मीही तेच केले. आधी त्यांची स्वतःची लिपी होती, पुढे त्यांनी शेजाऱ्यांची पाचरी चिन्हे घेतली. एका कड्यावर इराणच्या सम्राटाने आपली कीर्ती तीन भाषांत कोरवली, त्यांतली एक एलामची. अशा लेखांच्या आधाराने पंडितांना ती थोडीथोडी उलगडली. शब्द पुष्कळ कळतात, काही मुळीच कळत नाहीत, आणि त्यांचा उच्चार कसा होता, आवाज कुठे चढत होता, कुठे श्वास घेत होते, हे आज कोणालाही ठाऊक नाही.

माझ्या शेजारी जी इंजिनिअर मुलगी बसे, ती येरवड्याची. तिच्या पणजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि तिची आजी रोज संध्याकाळी पालीतली वंदना पाठ म्हणते. मुलीची जीभ तिखट. एलामचे राज्य गेल्यावरही इराणच्या सम्राटांच्या कोठारांचा हिशेब कितीतरी काळ एलामच्याच भाषेत लिहिला जात होता, हे मी तिला मोठ्या नवलाने सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे राज्य त्यांचं आणि बॅक ऑफिस यांचं. मॅडम, आपण वेगळं काय करतोय?” त्याच पाट्यांवर एलामच्या देवांना आणि इराणी देवांना एकाच कोठारातून धान्य दिल्याची नोंद आहे, ते वाचून मला फार समाधान वाटले. बाळंतिणीला मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट शिधा, हीही नोंद आहे.  त्यावर त्या मुलीने फक्त चहा मागवला.

अर्थ कळत नसलेला मजकूर तपासताना डोळा फसतो. सारख्या सुरुवातीच्या दोन ओळी आल्या की एक गळतेच. आम्हीही तशा गाळल्या. तेव्हा मी तिला तुमचा क्रमपाठ शिकवला: पहिला शब्द दुसऱ्याला जोडून म्हणायचा, मग दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, म्हणजे साखळीतली कडी निसटली की कानाला तत्काळ कळते. ती मूळ वाचे, मी टंकित पान म्हणे. काचेच्या त्या खोलीत आम्ही एलामची धान्यकोठारे क्रमाने म्हणत बसलो. येणारेजाणारे थबकून पाहत. आमच्या साहेबांनी तर विचारले, “काकू, ही कसली पूजा?” मुलगी म्हणाली, “सर, टेस्टिंग चालू आहे.” चुका मात्र थांबल्या.

तिथल्या एका राजाने पायऱ्यापायऱ्यांचे उत्तुंग देऊळ बांधले. त्याच्या विटांची छायाचित्रे ज्या दिवशी आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. भिंतीत ठरावीक थरांनंतर एक थर कोरीव अक्षरांच्या विटांचा आहे, आणि जवळजवळ प्रत्येक विटेवर तोच मजकूर: मी अमुक राजा, अमुकाचा पुत्र, हे देवासाठी बांधले. उंचावरचे थर कोण वाचणार होते? मला तुमची वेदी आठवली. आपणही प्रत्येक वीट मंत्राने ठेवतो, पण मंत्र विटेवर लिहीत नाही. तो म्हणतो, आणि वीट कोरीच राहते. त्यांनी विटेवर लिहून ठेवले आणि त्यांचा आवाज गेला. आपण आवाज जपला आणि विटेवर काहीच ठेवले नाही. देवाला यांतले कोणते पोचले असेल, अण्णा? की त्याला दोन्ही सारखेच?

आणखी एक गंमत. एलामच्या कित्येक राजांनी स्वतःला आधीच्या राजाच्या बहिणीचा मुलगा म्हणवले आहे. तो तिथे वारशाचा मान होता. हे वाचून मला हसू आले. तुम्हीही आपला पाठ तुमच्या बहिणीच्या मुलाकडेच, माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादांकडे सोपवला होता. दादा तो घेऊन बँकेत गेले आणि काउंटरमागे तो सुकून गेला.

आता माझ्या लहानपणच्या, पेठेतल्या आपल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तुम्ही दादांना आणि आणखी चार मुलांना संथा देता आहात. तुम्ही एकदा म्हणता, ती मुले दोनदा. आत मी भाकरी थापते आहे. एक मुलगा अडखळतो, सगळे गप्प होतात, आणि माझ्या तोंडून पुढचे पद मोठ्याने निघून जाते. तुम्ही उठून स्वयंपाकघराच्या दारात येता. माझ्याकडे पाहत नाही, चुलीकडे पाहता. “भाकरी करपते आहे. तिकडे लक्ष असू दे.” भाकरी करपलेली नसते. त्या दिवसापासून मी फक्त ओठ हलवू लागले. आणि त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही आपले आसन खिडकीजवळून उचलून मधल्या दाराशी आणलेत. आईने कारण विचारले, तर म्हणालात, “खिडकीत वारा लागतो.” ते भर वैशाखाचे दिवस होते.

त्याच पाठात एक जागा होती जिथे तुम्ही थांबत असा. वाक्य पुरे झालेले नसे. एक श्वास, दुसरा श्वास, मग पुढचे पद. तुम्हाला दमा होता, पण मी ते विराम समजूनच शिकले. चुलीपुढे बसून तेवढाच वेळ थांबत असे. हिंजवडीत एकदा दुपारच्या डब्यानंतर मी सहज तो भाग म्हणत होते, तेव्हा मुलीने विचारले, “तुम्ही मधेच थांबलात. विसरलात का?”

“नाही. तिथे थांबायचंच असतं.”

“मग हे रेकॉर्ड करू या ना. नाहीतर तुमचंही एलाम होईल, मॅडम.” मग माझ्याकडे न पाहता तिने म्हटले, “आमच्या पणजोबांच्या कानावर हे पडू देत नव्हते. आणि मशीनवर चढवणार कोण, तर मी.”

“माझ्याही कानावर पडायचं नव्हतं. मी भिंतीआडून शिकले,” मी म्हटले.

“तुमच्या आणि पाठाच्या मध्ये एक भिंत होती,” ती म्हणाली. “आमच्यामध्ये सगळं गाव.”

हे खरे होते. आम्ही दोघी पुन्हा कामाला लागलो. पण ‘विसरलात का’ हा तिचा प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये चढला. तो विराम खरा की तुमच्या दम्याचा? आयुष्यभर तुमचा दमाच मी मंत्र म्हणून म्हणत आले असेन, तर ध्वनिमुद्रणात तोच कायमचा कोरला जाईल. म्हणून मी दादांना फोन केला. त्यांची आता बोलताना जीभ जड होते, पाठ म्हणवत नाही, पण स्मृती शाबूत आहे आणि तिरकेपणाही.

“मामा तिथे थांबायचे ते घरी,” ते म्हणाले. “यज्ञाच्या मांडवात कधीच नाही.”

“मांडवात तर धूर. तिथे दमा जास्त व्हायला हवा.”

“व्हायचाच. तरी थांबायचे नाहीत. आम्हालाही तिथे थांबू द्यायचे नाहीत.”

“मग घरीच का?”

“ते मला काय विचारतेस? दाराच्या अलीकडे मी होतो, पलीकडे तू. ज्या पदाला मुलगा अडखळला आणि तू आतून ओरडलीस, ते मामा थांबायचे त्या जागेच्या पुढचंच पद नाही का?”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ देवापुढे बसले, पण जप झाला नाही. अण्णा, तुम्ही तिथे श्वासासाठी थांबत होतात, की पलीकडे कोणी ओठ हलवते आहे का ते ऐकत होतात? दादांचे अनुमान हे अनुमानच आहे, हे मला कळते. एलामच्या पंडितांचेही पुष्कळसे तसेच आहे. ते शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालतात आणि पुढे जातात. मीही तिथे प्रश्नचिन्हच घालते. परंतु ज्या माणसाने यंत्राला उंबरा ओलांडू दिला नाही आणि आसन मात्र दाराशी आणले, त्याची मनाई कशाला होती, हे आता मला पूर्वीइतके स्पष्ट वाटत नाही.

मी परवानगी मागायला हे लिहायला बसले होते. खरे सांगायचे तर ध्वनिमुद्रण मागच्या गुरुवारीच झाले. मुलीने माझ्यापुढे माइक ठेवला, मी तुमचे स्मरण केले आणि आरंभापासून शेवटपर्यंत पाठ म्हटला. नंतर ती संगणकापुढे बसून म्हणाली, “मॅडम, मधे ही एक जागा नुसती शांत आहे. सॉफ्टवेअर आपोआप कापतंय. कापू दे?” मी म्हटले, “नको. ती तशीच राहू दे.” तिने कारण विचारले नाही. मीही सांगितले नाही की त्या जागी थांबले तेव्हा पुढचे पद मला येत होते, श्वासही पुरेसा होता, आणि मी फक्त, कान देऊन, तिचे ओठ हलतात का ते पाहत होते.