अर्जातली आई

खडकी, पुणे
सोमवार, २ जून २००३

ती. आईस,
आम्रपालीचा सविनय जय भीम वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की कंपनीने मला गुणांवरून निवडलं. ते खरं नाही. गुण आम्हा चौघींना सारखेच होते. निवड एका वाक्यावरून झाली आणि ते वाक्य खोटं आहे.

इथे परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहायची असतात. निवडीआधीच्या प्रशिक्षणात हेमा मॅडमनी शिकवलं की अमक्याने वाढवलेली, तमक्याने घडवलेली असा तुकडा आधी जोडला की वाक्य भारदस्त होतं. आपण ‘उन्हात रापलेली बाई’ म्हणतो तसंच. मग प्रत्येकीने स्वतःबद्दल तसं लिहायचं होतं. तेजस्विनीने डॉक्टर वडिलांचं लिहिलं. मी लिहिलं, ‘टॉट बाय माय मदर, अ स्कूलटीचर, आय लर्न्ट इंग्लिश अर्ली.’ म्हणजे आई शाळेत मास्तरीण, तिने शिकवल्यामुळे मी लहानपणीच इंग्रजी शिकले. मॅडम म्हणाल्या, घरातच शिक्षण आहे हो. त्यांनी ते माझ्या अर्जात उतरवलं आणि मी खाली सही केली. माहिती खोटी ठरल्यास नोकरी जाईल, हे त्याच कागदावर छापलंय. पाच ठिकाणी नकार आल्यावर ही मिळालीय.

मामा म्हणतात, कोण बघायला येतंय? पण सही माझी आहे. काय करू ते लिही.

तुझी माया आहे तशी राहो,
आम्रपाली

इंदापूर
रविवार, ८ जून

चि. आम्रपालीस,
आईचा जय भीम. मी खुशाल हाय.

पत्र वाचायला दोन दिस गेले. प्रौढ वर्गात एवढं बारीक अक्षर शिकवलं न्हवतं.

मी मास्तरीण झाले म्हणं. मग पगार कुठं ठेवलास? सोळा वर्षं शाळा झाडली, फळा पुसला. फळ्यावर लिव असं कुणी म्हणलं न्हाई. नोकरीचं मला कळत न्हाई, मामाला इचार. मी एकच इचारते. तुला माझी लाज वाटली का? खरं असंल ते लिव.

जिवाला जप.
तुझी आई,
सुंदराबाई

खडकी
शुक्रवार, १३ जून

ती. आईस,
सविनय जय भीम वि. वि.

होय, वाटली. तीनदा दुसरं काहीतरी लिहून खोडलं.

अर्जातलं बदलता येतं का, असं मॅडमना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, पत्ता बदलला असेल तर कळवा, आईवडील बदलले असतील तर नको. सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझ्या जागेसाठी तेजस्विनीला थांबवून ठेवलंय. सांगितलं की मी बाहेर, हे नक्की. सांगितल्याने तुझ्या प्रश्नाचं उत्तर बदलणार नाही, हेही नक्की. दुसरी नोकरी दिसत नाही. तरी आई शाळेत झाडलोट करते, घरात शिकलेली मी पहिली, एवढं कागदावर लिहून ठेवलंय.

माया असू दे, असं मागायला तोंड नाही, तरी मागते. आज मॅडम रजेवर आहेत, उद्या-परवा सुट्टी. कागद त्यांच्या हातात सोमवारी, १६ जूनला देणार आहे.

आम्रपाली