बारीक केबल

सोमवार, ३
आले एकदाची! बंदरावरच्या टेकडीवर हे बिनतारी केंद्र. खाली कामाची खोली, वर माझी राहायची, बाहेर दोन खांब. साहेबांनी सगळं हौसेनं दाखवलं. एका खांबावरच्या अँटेनानं होड्यांचं ऐकायचं, दुसऱ्यावरच्यानं त्यांच्याशी बोलायचं. बोलायच्या अँटेनाची केबल उन्हानं तडकली आहे, बदलायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिवस कसले, उद्या संध्याकाळच्या आत लावते. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते उगीच नाही.

मंगळवार, ४
भांडारात जाड केबल आहे. एवढ्या उंच खांबाला तीच हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती वाकता वाकेना आणि भिंतीतल्या जुन्या भोकातून जाईना. भोक मोठं करायचं म्हणजे गवंडी बोलवा, म्हणजे गेले दोन दिवस. साहेब तर सारखे डोकावून जात होते. शेवटी मी बारीक केबल घेतली. लांब अंतरात ती आवाजाची निम्म्याहून जास्त ताकद वाटेतच खाते. पण होड्या काही फार दूर जात नाहीत. वरचा कनेक्टर जाड केबलच्या मापाचा. बारीक केबल त्यात डुगडुगायला लागली, तेव्हा चिकटपट्टीचे वेढे देऊन ती घट्ट बसवली. साहेबांनी पाठ थोपटली. 

गुरुवार, ६
संध्याकाळी प्रत्येक होडीवाला परतल्याची वर्दी देतो, त्यामुळे सगळ्यांशी ओळख झाली. एकाला गप्पिष्ट म्हणतात. माझा आवाज इतका बारीक का येतो, ताई जेवल्या नाहीत की काय, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. बाकीचे हसले. मीही हसले. त्याची बायको धक्क्याजवळ राहते आणि तो येईपर्यंत दार सताड उघडं टाकून बसते, हेही त्यानंच कौतुकानं सांगितलं. रविवारी केबल बदलून टाकीन. कोणाला कळायचंही नाही.

रविवार, ९
पाऊस. कंटाळा केला. खांबावर चढले नाही.

मंगळवार, ११
लिहायला हात धजत नाही.
दुपारी वारं उठलं. गप्पिष्टाच्या होडीत पाणी शिरलं. त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मी ओरडून सांगत होते, खडकांच्या आडोशाला वळ, मदतीची होडी तिकडेच निघाली आहे. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. तो आपला विचारत राहिला, केंद्रावर कोणी आहे का. मग म्हणाला, कोणी ऐकत असेल तर माझ्या बायकोला सांगा, वाट बघू नकोस, दार लावून घे. त्यानंतर नुसती खरखर. साहेब धक्क्यावर गेले होते. बाकीच्या होड्या आधीच परतल्या होत्या; ऐकणारी मी एकटीच.

बुधवार, १२
सगळे शोधात गुंतलेले असताना मी बारीक केबल उतरवली. कनेक्टरातून पावसाचं पाणी ठिबकलं. भोक स्वतःच फोडलं, नवा कनेक्टर घालून जाड केबल लावली. बारीक केबलचं वेटोळं जुन्या कनेक्टरासकट माझ्या खाटेखाली सारलं.
दुपारी त्याची बायको आली. शेवटी काही बोलला का, एवढंच तिनं विचारलं. साहेब शेजारीच उभे. मी म्हटलं, नाही, काहीच ऐकू आलं नाही. साहेब म्हणाले, त्याचाच बिनतारी संच बिघडला असणार. मी मान डोलावली. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

शनिवार, १५
खाटेखाली खरखर. वेटोळं कशालाच जोडलेलं नाही. तरी त्यातून तो विचारतो, केंद्रावर कोणी आहे का. कनेक्टरातून अजून पाणी ठिबकतंय. बोटावर घेऊन चाखलं. खारट.

सोमवार, १७
त्याची बायको वाटेत भेटली. चेहरा उजळलेला. म्हणाली, दार उघडंच ठेवते. निरोप नाही, म्हणजे तो येणारच. आणि येतोही. सकाळी उंबऱ्यापासून ओली पावलं उमटलेली असतात, रोज थोडी आणखी आत. आज तिची उशी भिजली होती.
सांगायला हवं होतं — दार लाव, तोच तसं सांगून गेलाय — पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी बरं म्हटलं. नुसतं बरं. लाज वाटते मला माझी.

मंगळवार, १८
आता तो दुसरंच विचारतो. ताई, निरोप दिला का. ताई, निरोप —

बुधवार, १९
गेले. धावत गेले. दार सताड उघडं. घरात कोणी नाही. अंथरुणात पाणी. पावलं — आत येताना एकाची. बाहेर जाताना दोघांची.

गुरुवार, २०
वेटोळ्यातून आता तिचा आवाज. रागावलेली नाही. तेच विचारते — शेवटी काही बोलला का —
कनेक्टर तोंडाशी धरला. सगळं सांगून टाकलं. बारीक केबल, चिकटपट्टी, माझी मिजास, माझं खोटं. निरोपही दिला — वाट बघू नकोस, दार लावून घे —
खरखर थांबली. तो हसला. म्हणाला, ताई, आता कसा खणखणीत आवाज येतोय. म्हणाला, आम्ही दोघं तुमच्या जिन्यातच आहोत —
कडी मी घातली होती. आल्या आल्या — घातली होती ना — मी तर